खण, चौक आणि सार्वजनिक वास्तू

(ज्ञातिसंस्थेच्या यवत येथील वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



ह्या मेळाव्यात चार शब्द बोलावे अशी आज्ञा चिटणीसांनी केली, आणि विषयही त्यांनीच सुचविला. संस्थेच्या नियोजित भवनासाठी निधी जमू लागला आहे. अशा वेळी सुतारांच्या सभेत एका सुताराच्या मुलाने इमारतीविषयी बोलावे, हे त्यांस उचित वाटले. आम्ही उभ्या आयुष्यात लाकडाला रंधा लावला नाही. हाती खडूच धरला. परंतु लहानपणी वडिलांच्या हाताखाली गुण्या देणे, दोरी धरणे, चुका खाणे आणि बोलणी खाणे, एवढी उमेदवारी केलेली आहे. तेवढ्याच अधिकारावर हे बोलणे आहे. काही अधिकउणे झाल्यास आपण पदरात घ्यावे.

नियोजित भवनाचा नकाशा गेल्या सभेत आपण सर्वांनी पाहिला. रस्त्याच्या बाजूस दुकानांची ओळ, वर मोठे सभागृह, आणि दर्शनी भागावर उंचच उंच निळी काच. तरुण मंडळींनी टाळ्या वाजविल्या. काही वृद्ध मंडळी गप्प राहिली. त्या गप्प राहिलेल्यांत आम्हीही होतो. मनात काय खुपते आहे, ते त्या वेळी नीट सांगता आले नसते. नंतर पुष्कळ विचार केला. पूर्वी पाहिलेल्या काही इमारती आठविल्या, काहींविषयी वाचले, आणि तेव्हा आपलीच एक जुनी म्हण मनात आली: घराची कळा अंगण सांगते. घराविषयी जे खरे, ते सार्वजनिक इमारतीविषयीही खरे असले पाहिजे. इमारतीची भिंत पैशाची साक्ष देते. पण तिने किती जागा मोकळी ठेविली आणि त्या जागेत कोणास बसू दिले, ह्यावरून ती बांधणाऱ्या समाजाचे मन कळते.

हे ज्यांनी जाणले होते, अशा एका वास्तुविशारदाच्या कामाची आज ओळख करून द्यावी असे आम्हांस वाटते. त्यांचे नाव चार्ल्स कोरिया. घराणे मूळचे गोव्याचे. जन्म १९३० साली सिकंदराबादेस. अमेरिकेत शिक्षण घेऊन ते परत आले आणि १९५८ साली मुंबईत त्यांनी स्वतःचे कार्यालय थाटले. सरकारने त्यांस १९७२ साली पद्मश्री आणि २००६ साली पद्मविभूषण दिले. इंग्लंडातील वास्तुविशारदांच्या राजमान्य संस्थेने १९८४ साली आपले सुवर्णपदक दिले. १६ जून २०१५ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. धनिकांची घरे त्यांनी बांधलीच; परंतु त्यांचे नाव राहिले आहे ते प्रामुख्याने संग्रहालये, कलामंदिरे, विद्यापीठांतील संस्था आणि सामान्यांची घरे ह्यांमुळे.

पहिले उदाहरण अहमदाबादच्या साबरमती आश्रमाचे घेऊ. महात्माजी तेथे १९१७ ते १९३० ह्या काळात राहिले. त्यांची पत्रे, छायाचित्रे आणि ग्रंथ ठेवण्यासाठी संग्रहालय बांधण्याचे काम कोरियांकडे आले, तेव्हा त्यांचे वय अवघे अठ्ठावीस वर्षांचे होते. १९६३ साली पंडित नेहरूंच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. एवढ्या थोर पुरुषाचे स्मारक म्हटल्यावर कोणासही उंच घुमट, संगमरवर, भव्य जिना सुचला असता. कोरियांनी काय केले? विटांचे खांब, दगडी फरशी, कौलारू छप्पर, लाकडी दारे, आणि काचेच्या तावदानांऐवजी उघडझाप करता येणाऱ्या लाकडी झडपा. आश्रमातील जुन्या घरांस जे साहित्य वापरले होते, तेच नव्या इमारतीस. सिमेंटच्या तुळया मात्र नव्या युगाच्या. आणि त्याही अशा घडविल्या की तुळई तीच पन्हळ व्हावी, पावसाचे पाणी तिच्यातूनच वाहून जावे.

आता सुतारांनी कान देऊन ऐकावे, असे पुढे आहे. ही सारी इमारत सहा मीटर लांबीरुंदीच्या चौरसांची आहे. चार खांब आणि त्यांवर चारी बाजूंनी उतरते छप्पर, असा एक चौरस. त्याला लागून दुसरा, मग तिसरा. कोठे चौरसास भिंती आहेत, कोठे तो नुसती पडवी आहे, कोठे छप्परच नाही आणि खाली पाण्याचे कुंड आहे. जशी गरज पडेल तसा चौरस वाढवावा, अशी ही योजना. हे वाचले तेव्हा आम्ही पुस्तक मिटून क्षणभर बसलो. कारण ह्यालाच आमचे वडील 'खण' म्हणत. घर केवढे, असे विचारले तर ते फूट सांगत नसत. पाच खणांचे, सात खणांचे असे सांगत. तळखड्यावर खांब, खांबावर हस्त, हस्तावर तुळई, तुळयांवर कडीपाट, की झाला एक खण. पैसा आला, मुलाचे लग्न निघाले, की आणखी दोन खण वाढवावेत. ज्या गणिताला आपण अडाण्यांचे गणित म्हणून विसरलो, तेच एका शिकलेल्या माणसाने राष्ट्राच्या स्मारकासाठी वापरले.

दुसरे उदाहरण आपल्या पुण्याचे आहे आणि ते आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. पुणे विद्यापीठाच्या आवारात 'आयुका' ही खगोलशास्त्राची संस्था आहे. १९८८ साली ती स्थापन झाली, डॉ. जयंत नारळीकर तिचे संस्थापक संचालक. तिच्या इमारती कोरियांनी योजिल्या. दरवर्षी २८ फेब्रुवारीस, विज्ञानदिनी, संस्थेची दारे सर्वांसाठी उघडी असतात. अशाच एका विज्ञानदिनी आम्ही शाळेची मुले घेऊन गेलो होतो. भिंती आपल्याच काळ्या पाषाणाच्या, त्यावर कडप्पा, आणि सर्वांत वर चकाकता काळा ग्रॅनाइट, ज्यात आकाशाचे प्रतिबिंब पडते आणि भिंत कोठे संपली व आभाळ कोठे सुरू झाले ते कळेनासे होते. एका घुमटास भोके ठेविली आहेत; पायाभरणीच्या दिवशी आकाशात तारे जेथे होते, तेथे ती आहेत. मध्यभागी पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरणारे एक कुंड आहे. आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन, आइन्स्टाइन ह्यांचे पुतळेही ह्याच आवारात आहेत.

आमच्याबरोबरच्या एका मुलाने कुंड पाहून विचारले, "गुरुजी, ह्यात पाणीच नाही, मग पायऱ्या कशाला?" आम्ही उत्तर जुळवीत होतो, तोच दुसरा मुलगा म्हणाला, "अरे, बसायला!" आणि खरोखरच, भाकरीची फडकी सोडून सगळी मुले त्या पायऱ्यांवर बसली. कोणी त्यांस उठविले नाही. ग्रहताऱ्यांचे गणित मांडणाऱ्या विद्वानांची ती जागा. पण आमच्या खेड्यातील पोरांस तेथे परकेपणा वाटला नाही. ह्याचे कारण उघड आहे. देवळापुढच्या पायऱ्या, पुष्करणी, बारव त्यांनी जन्मापासून पाहिलेली होती. जागा नवी असली तरी बसण्याची रीत ओळखीची होती.

आपण यवतकर मंडळी तर भुलेश्वराच्या छायेत राहतो. डोंगरावरचे ते यादवकालीन शिवालय बाहेरून किल्ल्यासारखे दिसते. आणि दौलतमंगळ किल्ल्याच्या तटात ते आहेही. आत शिरावे, काळोख्या पायऱ्या चढाव्यात, आणि अकस्मात काळ्या दगडातील कोरीव कामासमोर उभे राहावे. तेथील स्त्रीरूपातील गणेशाची मूर्ती पाहण्यास लोक दूरदूरहून येतात. उन्हातून सावलीत, अरुंद वाटेतून मोकळ्या जागेत, असे माणसाला चालवीत नेणे ही जुन्या पाथरवटांची विद्या होती. कोरियांनी ती देवळांत, वाड्यांत आणि बारवांत पाहिली, अभ्यासिली आणि नव्या कामास लाविली. वर आभाळ असलेली मोकळी जागा हीच आपल्या देशातील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत सुखाची खोली आहे, असे त्यांच्या साऱ्या कामाचे सार सांगता येईल. सकाळी चौकात बसावे, दुपारी पडवीत, उन्हाळ्यातील रात्री गच्चीवर. थंड मुलखातील माणसास हे शक्य नाही. तो चार भिंती आणि काच ह्यांचा आश्रय घेतो, ते त्याला शोभते.

जयपुरातील जवाहर कलाकेंद्र (१९८६ ते १९९२) ह्याच विचाराचे आहे. सवाई जयसिंहाने १७२७ साली वसविलेले जयपूर नऊ चौरसांच्या आराखड्यावर आहे. कोरियांनी कलाकेंद्रही नऊ चौरसांचे केले, एकेका ग्रहास एकेक चौरस. जुन्या नगरीत एक चौरस जसा सरकलेला, तसा येथेही एक सरकविला आणि त्या फटीतून प्रवेश दिला. मधला चौरस सूर्याचा. तो रिकामा आहे, उघडा आहे, पायऱ्यांचा आहे. पणजीस मांडवीच्या काठी १९८३ साली पुरी झालेली कला अकादमी पाहावी: इमारत ठेंगणी, रस्त्याकडून नदीकडे जाणारी ऐसपैस सावलीची वाट, आणि आत भिंतींवर मारिओ मिरांडांनी चितारलेले प्रेक्षक. नाटकाचे तिकीट न काढणाऱ्यासही त्या सावलीत टेकता येते. पुढे दूर पोर्तुगालात, लिस्बन येथे, २०१० साली वैद्यकीय संशोधनाचे मोठे केंद्र त्यांनी बांधले, तेव्हाही दोन इमारतींच्या मधून पाण्याकडे जाणारी वाट लोकांसाठी मोकळी ठेविली. हा त्यांचा स्वभावच होता.

गरिबांच्या घरांविषयी त्यांचा विचार आपणांस अधिक जवळचा वाटेल. नवी मुंबई वसवावी, ही कल्पना १९६४च्या सुमारास कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल ह्या तिघांनी मांडली. १९७० साली सिडको स्थापन झाल्यावर आरंभीची काही वर्षे कोरिया तिचे मुख्य वास्तुविशारद होते. पुढे १९८३ ते १९८६ ह्या काळात बेलापूर येथे त्यांनी लहान घरांची एक वसाहत केली. सात घरे आणि त्यांच्या मध्ये आठ मीटरचा एक चौक. अशा तीन समूहांमिळून एकवीस घरे आणि मध्ये बारा मीटरचा मोठा चौक. कोणत्याही दोन घरांची भिंत सामाईक नाही, म्हणजे शेजाऱ्याची मनधरणी न करता ज्याने त्याने आपापले घर वाढवावे. घरे इतकी साधी की गावचा गवंडी आणि गावचा सुतार ती बांधू शकेल. मोठ्या माणसाच्या नकाशात आपल्या माणसाच्या हातास जागा ठेविलेली होती, ही गोष्ट आम्हांस फार मोलाची वाटते.

येथवर ऐकून कोणी म्हणेल, गुरुजींचे म्हणणे एवढेच की जुने ते सोने. पुन्हा वाडे बांधा. बंधूंनो, तसे म्हणणे आमचे नाही. आणि आता जे सांगणार आहोत ते थोडे कटू आहे.

वाड्याचा चौक सुंदर होता, पण तो सर्वांस मोकळा नव्हता. देवडीपर्यंत कोणी यावे, पडवीत कोणी बसावे, चौकात कोणी उतरावे, माजघरात कोणी जावे, हे जातीवरून ठरलेले असे. ज्या सुताराने दाराची चौकट बसविली, गणेशपट्टी कोरली, त्याला वास्तुशांतीनंतर त्याच उंबरठ्याबाहेर उभे राहून बलुते मागावे लागे. हे आपण आपल्या आजोबांकडून ऐकलेले आहे आणि त्याचे दुःख आपल्यास आहे. परंतु त्याच वेळी आपल्याही अंगणाच्या कडेला कोणास तरी थांबविले जात होते, त्याला पाणी वरून ओतले जात होते, हेही तितकेच खरे आहे. त्याची आठवण आपल्या मेळाव्यांत निघत नाही. ती निघाली पाहिजे. कोरियांच्या कामातील खरी शिकवण आम्हांस येथे दिसते. त्यांनी चौक घेतला, कुंड घेतले, पडवी घेतली. पण त्यांभोवतीची अडसर-कडी घेतली नाही. साबरमतीच्या पडवीत किंवा पणजीच्या सावलीत बसणाऱ्यास कोणी जात विचारीत नाही. जुन्या रूपास नवा अर्थ मिळतो तो असा.

आणि हे आपल्या गावास अशक्य नाही. आषाढी वारीत तुकोबांची पालखी यवतेस मुक्कामी असते. काळभैरवनाथाच्या देवळापासून ओट्याओट्यावर माणूस असतो. घरोघरच्या चुली पेटतात आणि पिठले-भाकरीची पंगत बसते. त्या रात्री पडवीत निजलेल्यास कोणी गोत्र विचारते काय? जे एका रात्रीपुरते आपणांस जमते, ते वर्षाचे उरलेले दिवसही चालावे, एवढेच काम सार्वजनिक वास्तूने करावयाचे असते.

कोरियांच्या इमारतींत दोष नाहीत असेही कोणी समजू नये. बेलापूरची पुष्कळ घरे आज मूळ रूपात राहिलेली नाहीत. लोकांनी ती पाडून उंच माड्या चढविल्या. वाढण्याची मोकळीक दिली म्हणजे असे व्हावयाचेच. पणजीच्या कला अकादमीत दुरुस्तीचे काम चालू असता २०२३ च्या जुलैत खुल्या रंगमंचावरील छत कोसळले. त्या प्रकरणात दोष कोणाचा, हा निवाडा करणे आमचे काम नव्हे. परंतु इमारत बांधणे जेवढे महत्त्वाचे, तेवढेच ती राखणे, हा धडा त्यातून घ्यावयास हरकत नाही. आपल्यापैकी ज्यांनी लाकडाची कामे केली आहेत त्यांस हे सांगावयास नको. वाळवीस उत्सव ठाऊक नसतो.

आणखी एक अनुभव. आम्ही ज्या शाळांत नोकरी केली त्यांपैकी एका शाळेस पूर्वी कौलारू पडवी होती. सुधारणा म्हणून ती पाडली, पत्र्याचे छप्पर आणि सरकत्या काचेच्या खिडक्या आल्या. पहिल्याच एप्रिलात मुलांस दुपारी वर्गात बसवेना. शेवटी आम्ही लिंबाच्या झाडाखाली फळा टेकविला आणि वर्ष काढले. इमारतीचे उद्घाटन करणारे पाहुणे डिसेंबरात आले होते. एप्रिलात आलेच नाहीत. दौंड तालुक्यातील ऊन आपणांस माहीत आहे. निळी काच चित्रात शोभते. येथे ती भट्टी होईल, मग ती थंड करण्यास यंत्र आणावे लागेल, मग विजेच्या बिलासाठी सभागृहाचे भाडे वाढवावे लागेल, आणि ते भाडे आपल्याच गरीब भावास परवडणार नाही. ज्याच्या वर्गणीची वीट भिंतीत आहे, तोच बाहेर राहील.

म्हणून कार्यकारी मंडळास आमची हात जोडून विनंती अशी.

पहिली गोष्ट, दुकाने अवश्य असावीत. संस्थेस उत्पन्न हवेच. पण दुकानांपुढे रस्त्याच्या कडेने दहा फुटांची सलग पडवी असावी. तीत दगडी बाके, प्यावयाचे पाणी आणि रात्रभर दिवा असावा. बस चुकलेला, ऊन लागलेला, वारीत दमलेला कोणीही, कोणत्याही जातीधर्माचा, तेथे न विचारता बसावा.

दुसरी गोष्ट, मध्यभागी चौक ठेवावा, त्यात एक झाड असावे, आणि त्याभोवती खालच्याच मजल्यावर अभ्यासिका असावी. आपल्या मुलामुलींस घरी दोन खोल्यांत अभ्यासाला कोपरा मिळत नाही. त्यांच्या शेजारी गावातील इतर मुलेही बसली तर आपले काही उणे होणार नाही. लग्नाचा हंगाम वर्षातून थोडे दिवस असतो. अभ्यास बारा महिने असतो.

तिसरी गोष्ट, इमारत खणाखणाने बांधावी. आज निधी जेवढा आहे तेवढेच खण बांधावेत, पण पक्के बांधावेत. कर्ज काढून सांगाडा उभा करावा आणि पुढे वर्षानुवर्षे गजांना गंज चढत राहावा, असे दृश्य आपण ह्या रस्त्यावर कमी का पाहतो?

चौथी गोष्ट, एकूण निधीचा एक भाग राखणीसाठी निराळा ठेवावा, आणि त्याला इतर कोणत्याही कामासाठी हात लावू नये.

आणि पाचवी गोष्ट मनातली आहे. पुण्याच्या विश्रामबाग वाड्याची कोरीव लाकडी दर्शनी बाजू आपण सर्वांनी पाहिली असेल. तो बांधविणाऱ्या पेशव्याचे नाव शाळेतील मुलगाही सांगतो. ते लाकूड कोरणाऱ्या हातांची नावे कोणाच्याही ओठांवर नाहीत. आपल्या भवनात देणगीदारांची शिळा लागेल, ती लागावी. पण तिच्याच शेजारी, तेवढ्याच आकाराच्या दुसऱ्या शिळेवर गवंडी, सुतार, पाथरवट, लोहार, बिगारी, पाणी वाहणाऱ्या बाया, जे जे ह्या कामावर राबतील त्या सर्वांची नावे कोरावीत. जातीचा उल्लेख कोणापुढेही नको; नाव आणि काम एवढेच पुरे.

आम्ही आता उतरणीला लागलो आहोत. हे भवन पुरे झालेले पाहण्याचा योग येईल न येईल. परंतु ते झाले, आणि एखाद्या दुपारी एखादे अनोळखी पोर त्या पडवीत निःशंकपणे भाकरीचे फडके सोडून बसले, तर आपल्या वाडवडिलांनी धरलेली दोरी सरळ होती असे समजण्यास हरकत नाही.